महाकाय हेकरू

महाकाय हेकरू : उष्ण कटिबंधातील प्रवाळखडकांत राहणाऱ्या सर्वांत मोठ्या अस्थिमत्स्यांपैकी एक. शास्त्रीय नाव एपिनेफेलस लॅन्सिओलेटस. कुल एपिनेफेलिडी (जुन्या ग्रंथांत सेरॅनिडी). इंग्रजी व्यवहारात जायंट ग्रुपर. बर्लिनचे वैद्य आणि मत्स्यशास्त्रज्ञ मार्कुस एलिझर ब्लॉख यांनी १७९० मध्ये होलोसेंट्रस लॅन्सिओलेटस या नावाने त्याचे पहिले वर्णन केले. विसाव्या शतकातल्या पुष्कळ पुस्तकांत तो प्रोमायक्रॉप्स या वेगळ्या प्रजातीत आढळतो; मासा तोच.

मुंबई-रायगडकडचा हेकरू आणि मालवण-गोव्याकडचा गोबरा किंवा गोब्रो ही नावे एका जातीची नाहीत. जाड ओठ, रुंद जबडा, पाठीवर काटेरी पर आणि खडपाच्या कपारीत दबा धरून बसण्याची सवय असलेल्या सगळ्याच भाईबंदांना ती लागतात. मासे पकडणाऱ्याचे आणि रांधणाऱ्याचे त्यावर काही अडत नाही. अडते ते कायद्याचे.

हा कायदा दिल्लीत झाला. समुद्र जिथून शेकडो किलोमीटर लांब, त्या शहरातून केंद्र सरकारने २००१ मध्ये १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या परिशिष्टात काही समुद्री मासे घातले : देवमुशी म्हणजे व्हेल शार्क, काही मुशी व पाकट, समुद्री घोडे आणि हेकरूंपैकी एकटा लॅन्सिओलेटस. पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्याची शिकार केल्यास तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. म्हणजे एकाच टोपलीतला एक हेकरू बाजारचा माल आणि त्याच्या शेजारचा गुन्ह्याचा पुरावा. दोघांत फरक कसा करायचा, हे जाळे ओढणाऱ्याला कळायला हवे आणि दिल्लीच्या गाजीपूर घाऊक बाजारात किंवा आयएनए मार्केटात बर्फातला मासा उलटून पाहणाऱ्या वन अधिकाऱ्यालाही.

आकारावरून ओळखू, हा पहिला मोह. या माशाची नोंदलेली कमाल लांबी सुमारे २७० सेंमी. आणि वजन ४०० किलोच्या घरात आहे, त्यामुळे दोन माणसांना न उचलणारा हेकरू दिसला की संशय घ्यावा हे ठीकच. पण प्रत्येक महाकाय हेकरू कधीतरी वीतभर असतो, आणि बाजारात वीतभर मासेच जास्त येतात. दुसरा मोह रंगाचा. तो याहून फसवा, कारण हा मासा वयाबरोबर अंगरखे बदलतो. पिल्लू पिवळेधमक, त्यावर तीन वेडेवाकडे काळे पट्टे : पहिला पाठीच्या काटेरी भागापासून पोटाछातीपर्यंत, दुसरा मऊ परापासून गुदपरापर्यंत, तिसरा शेपटीच्या मुळाशी. या रूपावर भाळून परदेशी मत्स्यालयवाल्यांनी त्याला बंबलबी ग्रुपर नाव दिले; दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत पुढे काय वाढणार आहे, हे त्या गोजिऱ्या नावात येत नाही. लांबी २५ ते ५० सेंमी. झाली की काळ्या पट्ट्यांत पांढरे-पिवळे ठिपके उमटतात आणि परांवर काळे डाग येतात. मीटरभर मासा गडद तपकिरी, अंगावर अस्पष्ट चट्टे, परांवर बारीक काळे ठिपके. दीड मीटरच्या पुढे तर सगळाच काळपट. शिवाय मेल्यावर, बर्फात पडल्यावर, मूळ रंग उरतच नाही.

म्हणून मोजणी करावी. पाठीच्या पराचे काटे आधी मोजावेत, कारण पहिली चाळणी तिथेच होते. एपिनेफेलस प्रजातीत ते बहुधा अकरा असतात. सेफॅलोफोलिस व व्हॅरिओला यांत नऊ, प्लेक्ट्रोपोमसमध्ये सात किंवा आठ. लॅन्सिओलेटसच्या पाठीवर ११ काटे आणि १४ ते १६ मऊ किरण, गुदपरात ३ काटे आणि ८ किरण, छातीच्या परात १८ किंवा १९ किरण. काटे आखूड असतात. शेवटचा काटासुद्धा मागच्या लांब मऊ किरणांपेक्षा बुटका राहतो. शेपटी गोल, डोळा डोक्याच्या मानाने बारीक. पार्श्वरेखेवर ५३ ते ६७ खवले. त्यांतल्या पुढच्या खवल्यांवरच्या नळ्यांना फांद्या फुटलेल्या असतात, मात्र अगदी लहान पिल्लांत त्या दिसत नाहीत. ही खूण एकटी धरू नये, कारण तशा नळ्या इतर काही मोठ्या हेकरूंतही आढळतात. खात्रीची खूण तोंडात आहे. खालच्या जबड्याच्या बाजूला, मधोमध, २०-२५ सेंमी.च्या माशात दातांच्या दोन-तीन रांगा असतात. मासा वाढतो तशा त्या वाढतात आणि पावणेदोन मीटरच्या माशात पंधरा-सोळा होतात. मोठा हेकरू हाती आल्यावर तोंड उघडून बोट फिरवण्याइतकी सोपी तपासणी दुसरी नाही. मासा मेलेला असावा, एवढीच अट.

घोटाळा होतो तो मुख्यतः तिघांशी. एपिनेफेलस कोइऑइडस अंगावर नारिंगी-तपकिरी ठिपके आणि पुसट तिरके पट्टे वागवतो. जबड्यात रांगा दोन-तीनच. याचे वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरील ग्रंथात केले, कारण तो खाड्यांच्या मचूळ पाण्यातही चढतो. त्याच्या जोडीचा एपिनेफेलस मलबारिकस काळपट बारीक ठिपके आणि फिकट चट्टे यांवरून कळतो. या दोघांच्या कितीतरी जुन्या नोंदी टॉव्हिना या तिसऱ्याच जातीच्या नावावर जमा आहेत, हे जुने तक्ते वाचताना ध्यानात ठेवावे. राहिला एपिनेफेलस टुकुला, म्हणजे पोटॅटो ग्रुपर. हाही प्रचंड वाढतो, पण त्याच्या फिकट अंगावरचे मोठे सुटे काळे डाग दुरूनही चुकत नाहीत.

लॅन्सिओलेटसचा पसारा सर्व हेकरूंत मोठा आहे : तांबड्या समुद्रापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत आणि पूर्वेला हवाई व पिटकेर्न बेटांपर्यंत. इराणच्या आखातात मात्र तो नाही. प्रवाळाच्या गुहा, बुडालेली जहाजे, कधी बंदराचा धक्का आणि खाडीसुद्धा त्याला चालते. शेवंड हे आवडते खाद्य. जोडीला खेकडे, लहान मुशी, पाकट, कासवांची पिल्ले.

दिल्लीतली खरी अडचण वेगळीच आहे. डोके, पर आणि खवले काढून तुकडी केलेल्या माशात वरची एकही खूण शिल्लक राहत नाही. मग डीएनए तपासावा लागतो. साधारणपणे तंतुकणिकांतल्या सीओआय जनुकाचा साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचून जात ठरवतात. यालाही एक फट आहे. मलेशियातल्या साबा येथे टायगर ग्रुपरची मादी आणि महाकाय हेकरूचा नर यांचा संकर तयार झाला असून आग्नेय आशियात त्याची शेती चालते. तंतुकणिकांचा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे या संकराची तुकडी सीओआय चाचणीत टायगर ग्रुपर म्हणून निघते. बाप कोण हे पाहायचे, तर पेशीकेंद्रातली जनुके वेगळी तपासावी लागतात.