डाव्याउजव्या रेणूंची निवड

एरंडोलाहून पद्मालयास गेलेल्या यात्रेकरूस तेथील मंदिरांत गणपतीच्या दोन मूर्तींचें दर्शन घडतें. एकीची सोंड डावीकडे, दुसरीची उजवीकडे. रसायनशास्त्रांतहि अशा जोड्या आहेत. अणु तेच, त्यांची जुळणी तीच. परंतु एक रेणु म्हणजे दुसऱ्याचें आरशांतील प्रतिबिंब. हा भेद नांवापुरता आहे असें कोणीं समजूं नये. क्षयावरील एथॅम्ब्युटॉल ह्या औषधाचा एक रेणु जंतूंची वाढ रोखतो. त्याचें प्रतिबिंब त्या कामीं जवळजवळ निरुपयोगी ठरतें. मग तें रोग्याच्या पोटांत कां घालावें?

अडचण अशी कीं, प्रयोगशाळेंत साध्या रीतीनें पदार्थ बनविला म्हणजे दोन्ही प्रकार समसमान निपजतात. १८४८ सालीं लुई पाश्चर यानें टार्टारिक अम्लाच्या एका क्षाराचे डावेउजवे स्फटिक हातानें एकेक करून वेगळे केले. पुढें १८५८ त त्यास असें आढळलें कीं, सूक्ष्म जीव मिश्रणांतील उजवा प्रकार तेवढा खातात व डावा तसाच सोडतात. ही पारख जीवांतील एन्झाइमांची होय. एन्झाइम स्वतःच एका हाताच्या घटकांचें बनलेलें असल्यामुळें त्याच्या खोबणींत एकच हात नीट बसतो. एमिल फिशर यानें १८९४ त ह्यास कुलूपकिल्लीची उपमा दिली.

परंतु निवड करावयाची म्हणजे अर्धा माल टाकणें आलें. जपानांतील तानाबे कारखान्यानें १९६९ त ह्यावर तोड काढली. एन्झाइम कणांवर पक्कें बसवून त्यावरून अमिनो अम्लांचें मिश्रण सोडावें, हवा तो प्रकार काढून घ्यावा आणि उरलेला तापवून पुन्हां मिश्र करून परत फिरवावा, अशी ती युक्ति होती. २०१० त ह्याच्याहि पुढचें पाऊल पडलें. मधुमेहावरील सिटाग्लिप्टिन पूर्वीं ऱ्होडियम धातु व भारी दाबाचा हायड्रोजन वापरून बनवीत. मर्क व कोडेक्सिस ह्या कंपन्यांनीं एन्झाइमांत टप्प्याटप्प्यानें फेरफार करून असें घडविलें कीं, निवडीचें कारणच उरलें नाहीं. हवा तोच रेणु निपजूं लागला. उत्पन्न १० ते १३ टक्क्यांनीं वाढलें व टाकाऊ माल १९ टक्क्यांनीं घटला. एन्झाइमांस असें वळण लावण्याच्या विद्येबद्दल फ्रान्सेस अर्नोल्ड ह्या विदुषीस २०१८ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां एरंडोलास परत येऊं. गांवाच्या नांवांतच एरंड ऐकूं येतो. एरंडेलाचा सुमारें नऊदशांश भाग रिसिनोलिक अम्लाचा असतो, आणि त्याचा रेणु एकाच हाताचा. एरंडाच्या बियांतील एन्झाइम स्निग्धाम्लाच्या साखळीवर प्राणवायूचा अणु नेमका एकाच बाजूस बसवितें; त्यास ना भट्टी लागते, ना दाब. पाश्चरापासून मोजल्यास मनुष्यास जें साधावयास १६२ वर्षें लागलीं, तें बांधावरचें हें झाड मुकाट्यानें करीत आलें आहे. आजीनें नाक दाबून पाजलेल्या त्या चमचाभर एरंडेलाकडे आम्ही आतां जरा आदरानें पाहतों.