मोर्तबाखालच्या दोन ओळी

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत उत्तर पेशवाईतील एक मोडी इनामपत्र आहे. गावच्या जमिनीखेरीज ओढ्याकाठचा मळाही त्यात आमच्या नावे येतो. त्या मळ्यापायी चुलत घराण्याशी आमचा तीन पिढ्या अबोला. मोडी शिकल्यावर ते पत्र मी प्रथमच नीट वाचले आणि नजर अडली ती शेवटच्या लहान मुद्रेपाशी. तिचे नाव मोर्तब.

‘शिक्कामोर्तब’ हा आज आपल्याला एकच शब्द वाटतो. उमेदवारीपासून सोयरिकीपर्यंत कशावरही ते होते; अर्थ एवढाच, की मान्यता मिळाली. जुन्या दप्तरांत मात्र या दोन वेगळ्या वस्तू होत्या. ‘शिक्का’ अरबी ‘सिक्का’वरून आला; मूळ अर्थ नाणे पाडण्याचा ठसा. तो पत्राच्या माथ्यावर. ‘मोर्तब’ अरबी ‘मुरत्तब’वरून, फारसीच्या वाटेने आले, म्हणजे नीट लावलेले, सिद्ध केलेले. ‘रुतबा’ हा त्याच धातूचा भाऊबंद. मजकूर संपतो तिथे मोर्तब उमटे. कागदांवर दिसणाऱ्या ‘मोर्तब सूद’मधला ‘सूद’ म्हणजे फारसी ‘शुद’, झाले.

शिवछत्रपतींच्या पत्रांवर माथ्याची मुद्रा संस्कृत श्लोकाची, तर मोर्तबावर दोनच शब्द : ‘मर्यादेयं विराजते’. इथे ही मर्यादा शोभते आहे. पेशव्यांच्या मोर्तबावर ‘लेखनसीमा’. दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ शिवकाळातच झाला. मोर्तबावरची अक्षरे संस्कृत झाली. नाव मात्र अरबी वळणाचेच राहिले.

मर्यादा काय, सीमा काय, सांगणे एकच. माथ्यावरचा शिक्का सांगतो, हा शब्द कोणाचा. मोर्तब सांगते, तो कुठे संपला. खाली मोकळा कागद उरतो आणि मोकळ्या कागदावर कोणीही काही वाढवू शकतो. म्हणून खरेपणाची ग्वाही देताना कारकुनाला शेवटही बांधावा लागे. आजच्या ‘शिक्कामोर्तबा’तून नेमका हाच अर्थ गळाला आहे.

आमच्या पत्रात ‘लेखनसीमा’ स्पष्ट उमटली आहे. मळ्याचा उल्लेख तिच्या खाली आहे : दोन ओळी, वळण निराळे, शाई फिकी.

गेल्या पाडव्याला तो कागद घेऊन मी चुलत घरी गेलो. थोरल्या काकांना मोडी येत नाही. मी त्यांचे बोट मुद्रेवर ठेवले आणि म्हटले, “काका, आमचे इथवरच होते.”