शहाजी राजांचे चाकरीबदल व भीमाकांठचें वतन

शहाजी राजे भोसले यांनीं आपल्या हयातींत किती धनी बदलले, हा प्रश्न वर्गांतील मुलें आम्हांस हटकून विचारीत. आणि त्यामागें दुसरा एक प्रश्न दडलेला असे, कीं अशा पुरुषास इमानी कसें म्हणावयाचें? त्या वेळीं आम्हीं जें उत्तर देत असूं, तें आज आमचें आम्हांसच अपुरें वाटतें. निजामशाही, आदिलशाही, पुन्हा निजामशाही, मोंगल, तिसऱ्यानें निजामशाही व अखेर आदिलशाही, असा हा क्रम आहे. फारसी तवारिखा तो दरबाराच्या बाजूनें पाहतात. म्हणून त्यांस प्रत्येक वळणीं बंडखोरी दिसते. तोच क्रम भीमेच्या कांठावर उभें राहून पाहिला तर काय दिसतें, एवढेंच येथें मांडावयाचें आहे.

भीमेचा कांठ म्हणण्याचें कारण असें. भोसले घराण्याची पाटीलकी हिंगणी, बेरडी व देऊळगांव या गांवीं होती. हीं गांवें आजच्या दौंड तालुक्यांत, म्हणजे जुन्या भीमथडींत, येतात. हिंगणी व बेरडी यांचीं नांवें आतां एकत्रच उच्चारलीं जातात, आणि देऊळगांवापुढें 'राजे' हें पद लागलेलें आहे. शहाजींचे आजे बाबाजी हे या पाटीलकीचे धनी. बाबाजींचे पुत्र मालोजी व विठोजी निजामशाहींत चढले, वेरुळाशीं घराण्याचा संबंध जडला आणि पुणें व सुपें यांचा मोकासा घरांत आला. मालोजी पडले तेही याच टापूंत, इंदापुरास. परमानंदानें शिवभारतांत तें नमूद केलें आहे.

येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे, कारण तो विसरल्यामुळें पुष्कळ घोटाळा झाला आहे. पाटीलकी हें वतन. मोकासा ही नेमणूक. वतन वंशपरंपरा चालतें, भावांत वांटलें जातें, विकलें जातें, आणि त्याचा तंटा पडला तर गोत बसतें. तख्तावर कोणीही असो, गांवचा पाटील तोच राहतो. मोकासा मात्र चाकरीच्या मोबदल्यांत मिळालेला वसूल. एका फर्मानानें येतो आणि दुसऱ्यानें जातो. शहाजींचीं हीं दोन्हीं एकाच नदीच्या खोऱ्यांत होतीं. पुण्याची मुळामुठा रांजणगांव सांडसाजवळ भीमेसच मिळते, आणि तेंच पाणी पुढें दौंडावरून खालीं उतरतें. ज्याचीं पाळेंमुळें एका खोऱ्यांत आहेत पण ज्याचें फर्मान दुसऱ्याच्या हातीं आहे, त्या मनुष्याचें वर्तन कसें होईल, याचा विचार निष्ठेच्या आधीं केला पाहिजे.

आतां क्रम पाहूं. 1624 सालीं भातवडीस मलिकंबरानें मोंगल व आदिलशाही या दोन्हीं फौजांस धूळ चारली. त्या लढाईंत शहाजींनीं तरवार गाजविली. त्यांचे बंधु शरीफजी तेथेंच पडले. एवढ्या विजयानंतर लौकरच राजे विजापुरास गेले. 1626 त मलिकंबर वारला, 1627 त इब्राहिम आदिलशहा वारला, आणि राजे परत निजामशाहींत आले. 1629 च्या जुलैंत त्यांचे श्वशुर लखुजी जाधवराव दौलताबादेस निजामशहाच्या भर दरबारांत मुलांसह मारले गेले. पुढील सालीं शहाजींनीं मोंगलांची पंचहजारी पत्करली. या ठिकाणीं आमचा वतनाचा सिद्धान्त लागू पडत नाहीं, हें आधींच कबूल करतों. येथें रक्ताचा प्रश्न होता.

याच सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवानें पुणें जाळलें. गाढवाचा नांगर फिरवून पहार ठोकली, ही गोष्ट पुणें प्रांतीं सर्वश्रुत आहे. पुढें तीन वर्षेंही लोटलीं नाहींत तोंच, 1633 सालीं, हेच मुरारपंत भीमा व इंद्रायणी यांच्या संगमावर ग्रहणाच्या पर्वणीस तुलादानास उभे राहिले, आणि शेजारीं शहाजी राजे होते! हत्तीची तुला करावयाची, पण तेवढा तराजू कोठून आणावा? परंपरा सांगते कीं तोड राजांनीं काढली. हत्ती नावेंत चढवावा, नाव बुडेल तेथें खूण करावी, मग हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत धोंडे भरावे आणि धोंडे तोलावे. तेव्हांपासून त्या गांवास तुळापूर म्हणूं लागले. नदीपलीकडे शिरूर तालुक्याचें वढू आहे, जेथें 1689 त राजांच्या नातवाची, संभाजी महाराजांची, समाधि व्हावयाची होती. ज्यानें आपलें पुणें उजाड केलें त्याच्या दानधर्मांत हातभार लावतांना राजांच्या मनांत काय आलें असेल, हें कोणत्याही चंपूंत लिहिलेलें नाहीं.

दरम्यान 1632 त मोंगलांनीं शहाजींचा कांहीं मुलूख फत्तेखानास दिला. मुलूख जातांच राजांनीं मोंगलांस सोडलें. येथें वतनदाराचें मन स्पष्ट दिसतें. 1633 त दौलताबाद पडली, हुसेन निजामशहा ग्वाल्हेरीस कैदेंत गेला, तरी राजांनीं पेमगिरीस एका निजामशाही बालकास तख्तावर बसवून तीन वर्षें राज्य चालविलें. इंग्लंडांत वॉरिकच्या रिचर्ड नेव्हिलास राजे घडविणारा म्हणतात. त्यानें 1461 त चौथ्या एडवर्डास गादी मिळवून दिली, 1470 त सहाव्या हेन्रीस परत बसविलें आणि पुढच्याच वर्षीं बार्नेटच्या रणांत तो मेला. त्याच्या देशांत निदान गादी शाबूत होती, भांडण बसणाराचें होतें. शहाजींस गादीच उभारावी लागली, आणि तीही दोन बादशाह्यांच्या कात्रींत.

1636 त शहाजहान व आदिलशहा यांचा तह झाला. माहुलीस वेढा पडला, बालकास मोंगलांच्या स्वाधीन करावें लागलें, आणि राजे विजापूरच्या चाकरींत शिरले. या प्रसंगास बहुतेक चरित्रकार पराभव म्हणतात. तो होताच, परंतु त्या तहांत पुणें व चाकण हे परगणे आदिलशाहीच्या वांट्यास गेले, ही गोष्ट त्याबरोबर वाचली पाहिजे. पुणें ज्याच्याकडे गेलें त्याच्याकडे राजे गेले, आणि पुणें-सुप्याचा मोकासा त्यांच्या नांवें राहिला. दिल्लीचा मनसबदार होऊन तो राखतां आला नसता.

पुढील बेंगरुळचा काळ सर्वांस विदित आहे. जयराम पिंड्ये याचा राधामाधवविलासचंपू त्याच दरबारांतला. राजवाडे यांनीं तो 1922 त प्रसिद्ध केला. आमचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला असल्यानें अनुप्रासांचा भाव किती कापावा हें आम्हांस कळतें. तरी अनेक भाषांचे कवि ज्याच्या सभेंत जमले, तो केवळ धनी शोधीत फिरणारा शिपाई नव्हता, एवढें त्या काव्यावरून ठरतें. 1648 त जिंजीजवळ मुस्तफाखानानें राजांस कैद केलें, तेव्हां सुटकेसाठीं कोंढाणा सोडावा लागला. म्हणजे दंडही पुणें प्रांतांतूनच वसूल झाला. 23 जानेवारी 1664 रोजीं होदिगेरीस शिकारींत घोडा पडून राजांचा अंत झाला.

संग्राहकांस एक विनंती. या काळचे मराठी कागद बहुधा शुहूर सनाचे असतात. मृगापासून पुढें 599 व जानेवारीपासून मृगापर्यंत 600 मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. एका वर्षाची चूक झाली तर शहाजींच्या बाबतींत धनीच बदलतो. 1632 चा कागद 1631 चा धरला कीं निजामशाही आज्ञापत्र मोंगली ठरतें. उजनीच्या धरणाचा फुगवटा दौंडच्या पूर्व बाजूस येऊन भिडला आहे. गांवें हललीं कीं दप्तरें हलतात. हिंगणी-देऊळगांवाकडे ज्यांच्या घरीं रुमाल बांधून ठेवलेले असतील, त्यांनीं ते कोणास देण्यापूर्वीं प्रत्येक कागदावरचा सन, चंद्र व शिक्का जसाच्या तसा उतरून ठेवावा, आणि सन अक्षरांनीं लिहिलेला असेल तर तो अक्षरांनींच उतरावा.