बंद पडलेला भूकंप

पावसाळी सहलीचा एक ठरलेला विनोद असतो. पाऊस बघायला म्हणून जायचं आणि पाऊस आला की आडोसा शोधत फिरायचं. जुलैतल्या एका शनिवारी आम्ही तेच केलं. मी, बायको, आठ वर्षांची कन्या आणि आई. उंब्रजला हायवे सोडला, मल्हारपेठ, पाटण करत कोयनानगरकडे निघालो. पाऊस मी म्हणत होता. धरण तर सोडाच, समोरची एसटीसुद्धा दिसेना. तेवढ्यात वाटेत पाटी दिसली, मुलांसाठी विज्ञान आणि मनोरंजन, सगळं छपराखाली. (नाव मुद्दाम लिहीत नाही.) तिकीट माणशी ५० रुपये. म्हटलं, चला, पोरीचा दिवस तरी वाया जायला नको.

आत ओल्या पोत्यांचा वास होता. लाईट गेलेली. कोयनेच्या अंगणात लाईट गेलेली! इन्व्हर्टरवर दोन ट्यूब लुकलुकत होत्या. वेड्यावाकड्या आरशांचा पारा उडाला होता, फायबरच्या बिबट्याला शेपूट नव्हतं. मधोमध धरणाचं मोठं मॉडेल, समोर लाल-हिरवी बटणं. कन्येने सगळी दाबून पाहिली. 'बाबा, हे पण चालत नाही' हे वाक्य मी अर्ध्या तासात वीसेक वेळा ऐकलं असेल.

कोपऱ्यात एक लोखंडी चौथरा होता. वर लिहिलं होतं, 'भूकंप अनुभवा'. चौथऱ्यावर प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत आणि ताडपत्री. तिथले काका ओशाळून म्हणाले, "मोटार जळलीया साहेब. दोन वर्सं झाली. वर कळवलंय." कन्येचा चेहरा पडला. तिला तोच तर हवा होता.

आई मात्र हळूच म्हणाली, "बंद आहे ते बरंच आहे."

आई १९६७ साली नऊ वर्षांची होती, पाटण तालुक्यातल्या एका खेड्यात. आम्हाला हे माहीत होतं, म्हणजे माहीत असल्यासारखं होतं. तिने कधी सविस्तर सांगितलं नाही, आम्ही कधी विचारलं नाही. त्या ओलसर हॉलमध्ये, खुर्च्यांच्या चळतीकडे बघत, ती पहिल्यांदा बोलली. "आधी आवाज आला. जमिनीखालून शंभर बैलगाड्या गेल्यासारखा. मग फडताळातली भांडी. मग भिंत." पुढे कितीतरी रात्री अख्खं गाव शेतात झोपलं म्हणे, डिसेंबरच्या थंडीत.

तारीख ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. तीव्रता ६.३ (जुन्या पुस्तकांत ६.५ सापडते). माणसं गेली सुमारे १८०, जखमी दोन हजारांच्या वर. कोयनानगरातली बहुतेक घरं पडली किंवा राहण्यालायक उरली नाहीत. धक्का मुंबई-पुण्यालाही जाणवला. दख्खनचा पठारी भाग म्हणजे जुना, घट्ट, न हलणारा कातळ, अशी तोवर समजूत होती.

पण कोयनाकाठच्या लोकांना मात्र काहीतरी हलतंय हे आधीपासून ठाऊक होतं. १९६२च्या सुमारास शिवसागरात पाणी भरायला लागलं आणि बारीक बारीक धक्के सुरू झाले, त्या गुरगुरण्यासकट. आधी चीनमध्ये शिनफेंगच्यांग, मग आफ्रिकेतलं करिबा, मग ग्रीसमधलं क्रेमास्ता... १९६२ ते ६६ या काळात तिन्ही मोठ्या जलाशयांजवळ सहाच्या वरचे भूकंप झाले होते. कोयना या माळेतला चौथा आणि सगळ्यांत मोठा. पाण्याने भूकंप 'तयार' होत नाही. आधीच ताणलेल्या भेगेला पाण्याचं वजन आणि खोल झिरपलेल्या पाण्याचा दाब निमित्त पुरवतात, असं आता मानतात. त्या भेगेत नेमकं काय चालतं ते बघायला २०१७ साली गोठणे इथे तीन किलोमीटर खोल भोक पाडलं गेलं. धक्के अजून थांबलेले नाहीत.

आता माझा मूळ किडा. कोयनेची दुसरी एक गोष्ट मला ऑफिसात भेटली होती, आणि तिचा आईशी संबंध आहे हे मला त्या शनिवारपर्यंत सुचलंच नव्हतं. (इंजिनिअरचं डोकं!) अबॅकस नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, विमानाच्या पंखापासून टायरपर्यंत कशावर किती ताण येतो ते काढणारं. त्याच्याबरोबर सरावासाठी उदाहरणं येतात. त्यात एक उदाहरण कोयना धरणाचं आहे. उंची १०३ मीटर, पायाची रुंदी ७०, माथ्याची जेमतेम १५. आणि सोबत आकड्यांच्या फाईली, त्या पहाटे जमीन कशी हलली त्याच्या.

हे आकडे आले कुठून? धक्के सुरू झाल्यावर परिसरात भूकंपमापक बसवले गेले आणि खुद्द धरणाच्या पोटात, ब्लॉक १-अ मध्ये, जोराचा हादरा नोंदवणारं एक यंत्र बसवलं गेलं. अशा यंत्राचं काम म्हणजे गप्प बसून राहणं. वर्षानुवर्षं काहीच होत नाही. दमट, अंधारी जागा. तरी कुणीतरी जाऊन बॅटरी बघायची, फिल्म बघायची, वहीत लिहायचं की यंत्र ठीक. कोण जात असेल, त्यांची नावं माझ्या फाईलीत नाहीत. पण ११ डिसेंबरच्या पहाटे ते यंत्र चालू होतं. दुसरी संधी नव्हती.

त्याने नोंदवलं की धरणाच्या लांबीच्या दिशेने हादरा गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६३ पट होता. धरणाचं डिझाईन करताना धरलेला गुणांक होता ०.०५. (दोन्हींची सरळ तुलना करू नये, स्थापत्यवाले रागावतात. तरीपण.) धरण उभं राहिलं, पण वरच्या भागात, जिथे मागचा उतार एकदम बदलतो तिथे, दोन्ही अंगांना आडव्या भेगा पडल्या. भेगांत इपॉक्सी भरलं, तणावाच्या केबली ओढल्या, पुढे मागच्या बाजूने काँक्रीटचे टेकू दिले. हादरा आणि तडा, दोन्हींची पक्की नोंद असलेलं काँक्रीटचं धरण मिळणं दुर्मीळ. म्हणून आजही कुणी धरण फुटण्याचं नवं गणित मांडलं की ते आधी कोयनेवर चालवून बघतं. पहिल्या टप्प्याची वीज १९६२ मध्ये सुरू झाली, पोफळीच्या डोंगरातलं वीजघर, १९९९ आणि २०१२चं लेक टॅपिंग, हे सगळं शाळेत असतं. हे यंत्र नसतं.

हॉलमधल्या काकांना मी विचारलं, मोटार केवढ्याची असेल? म्हणाले, "लई न्हाई. पर बघायला कोन येतंय?" दोन वर्षांत किती मुलं त्या ताडपत्रीपाशी येऊन परत गेली असतील कोण जाणे.

परतीला पाटणजवळ भजी खाल्ली, आणि कन्येचा रुसवा तिसऱ्या प्लेटला गेला. रविवारी मी ती फाईल उघडली आणि आकडे आलेखात मांडले. स्क्रीनवर आधी बारीक थरथर, मग एकदम जंगल, मग पुन्हा बारीक. कन्येने स्टूल आणलं, त्यावर उभी राहून तालावर हलून बघितलं. आई चष्मा लावून जवळ आली.

"हे किती वेळाचं आहे?"

"दहा सेकंद. जोराचं त्याहूनही कमी."

"एवढंच?" ती म्हणाली. मग बराच वेळ बघत राहिली. "खालचा आकडा नीट बघ रे. खूप वेळ चाललं होतं ते."