उठण्याचे मापन (गतिसंवेदकांद्वारे)

बसलेला माणूस उभा राहताना त्याचे शरीर नेमके काय करते, हे मांडीला, कमरेला किंवा छातीला बांधलेल्या छोट्या गतिसंवेदकांनी मोजण्याची पद्धत. वृद्धांची तपासणी, पक्षाघातानंतरचे व पार्किन्सनमधले उपचार, गुडघेबदलानंतरची फिजिओथेरपी अशा ठिकाणी तिचा उपयोग होतो.

खुर्चीतून उठणे निरोगी माणसाच्या लक्षातही येत नाही, पण त्याला ताकद आणि तोल दोन्ही लागतात. मार्गारेट शेंकमन व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये या हालचालीचे चार टप्पे मांडले. आधी धड पुढे झुकून वेग घेते. मग बूड खुर्चीवरून सुटते आणि पुढचा वेग वर वळतो. नंतर कंबर व गुडघे सरळ होतात, आणि शेवटी तोल स्थिरावतो. यातला दुसरा टप्पा सर्वांत नाजूक. खुर्चीचा आधार गेलेला असतो आणि शरीराचा भार अजून पुरता पावलांवर आलेला नसतो. पुन्हा पुन्हा खुर्चीत मागे बसणारे आजोबा बहुधा इथेच अडतात.

दवाखान्यात हात छातीवर दुमडून पाच वेळा उठायला-बसायला सांगतात आणि स्टॉपवॉच लावतात. स्नायूक्षयाच्या आशियाई निकषांत (२०१९) १२ सेकंद किंवा अधिक लागल्यास शारीरिक क्षमता कमी धरतात. त्याच वर्षीच्या युरोपीय निकषांत १५ सेकंदांपेक्षा जास्त लागल्यास स्नायूंची ताकद कमी असल्याचा संशय घेतात. चाचणी सोपी आणि उपयोगी आहे, पण हातात एकच आकडा येतो. दोघांना १४ सेकंद लागले, तर त्यातला एक सारख्या संथ गतीने उठला आणि दुसरा तीनदा झपाट्याने उठून नंतर दमला, हा फरक त्यात बुडून जातो. उपचार ठरवताना नेमका तोच हवा असतो, आणि संवेदकांचे खरे मोल इथे आहे.

संवेदकात मोबाइलमध्ये असतात तशाच त्वरणमापक व जायरोस्कोप या चिप असतात. सेकंदाला शंभरच्या आसपास नोंदी घेणे नेहमीचे आहे. त्वरणमापक स्थिर असताना फक्त गुरुत्व जाणवून घेतो, म्हणून त्यावरून कल कळतो. पण हालचाल सुरू होताच तिचे त्वरण मिसळते आणि कल फसवा ठरतो. जायरोस्कोप वळण्याचा वेग देतो. त्याची बेरीज केली की कोन मिळतो, मात्र बारीकशी चूकही बेरजेत साचत जाते. म्हणून दोन्हींची सांगड काल्मन गाळणीसारख्या गणिती रीतीने घालतात.

जागा कोणती निवडावी हे प्रश्नावर अवलंबून असते. मांडी बसल्यावर आडवी, उभे राहिल्यावर उभी. दिवसभरात माणूस किती वेळा उठला हे मोजायला एवढे पुरते. धड किती झुकले हे कमरेच्या खालच्या मणक्याशी किंवा छातीवर कळते. बिजन नजफी, कामियार अमिनियन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये छातीवरच्या एकाच जायरोस्कोपने वृद्धांचे उठणे-बसणे मोजून पडण्याच्या धोक्याशी त्याचा संबंध तपासला.

पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. पट्टा सैल झाला की आकडे बिघडतात. हातांनी खुर्चीचे दांडे रेटून उठलेला माणूस कमरेवरच्या संवेदकाला ताकदवान वाटू शकतो. पावलांवरचा भार या संवेदकांनी थेट मोजता येत नाही; त्यासाठी प्रयोगशाळेतल्या बलमापक फळ्यांसारखी साधने लागतात.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. वर सांगितलेले सारे मोजमाप खुर्ची धरून बसवलेले आहे, आणि मराठी घरांतली कित्येक माणसे आजही जमिनीवरून उठतात: कुशीवर वळून, एक हात जमिनीला लावून, दुसरा गुडघ्यावर टेकून. मांडी घालून बसले तरी मांडी जवळपास आडवीच, त्यामुळे मांडीवरच्या संवेदकाला पाट आणि खुर्ची यांतला फरक सहसा कळत नाही. उकिडवे बसल्यावर गुडघा कमरेच्या वर जातो आणि कोन वेगळा येतो. ब्राझीलच्या क्लॉडिओ गिल अराउजो यांची जमिनीवर बसून उठण्याची चाचणी (२०१२ चा अभ्यास) दहा गुणांची असून टेकलेल्या प्रत्येक हाता-गुडघ्यामागे एक गुण वजा होतो. पण ती डोळ्यांनी पाहून करतात. उंचीचा फरक पकडायला वायुदाबमापक चिप जोडता येते. एक मीटर वर गेल्यास दाब सुमारे १२ पास्कलने उतरतो. मात्र कोणी दार जोरात लोटले तरी तेवढा फरक पडू शकतो.