काचेवरचे ठिपके आणि आजीचं गाळणं



मासे घरात ठेवावेत की नाही, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. लेकाला वाढदिवसाला मित्रांनी टाकी आणून दिली, आणि आलेल्या जिवांना घालवायचं कुठं, म्हणून ती दिवाणखान्यात राहिली. तो वाद पुन्हा कधीतरी. आज सांगायचं आहे ते त्या टाकीतल्या ठिपक्यांबद्दल.

चातुर्मासाच्या तोंडावर एका सकाळी लेक म्हणाला, "आई, काचेवर मीठ सांडल्यासारखं दिसतंय, आणि ते हलतंय!" खरंच, शेकडो पांढरे ठिपके होते. थोडं थांबायचे, झटका देऊन पुढं सरकायचे. दुकानदारानं एक बाटली दिली. "दहा थेंब टाका, उद्यापर्यंत पाणी स्वच्छ." झाकण उघडलं आणि हात थांबला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, काय आहे ते आधी बघ तरी. मग ठरव."

लेकाचं शाळेतलं भिंग काढलं. पेअरसारखं अंग, मागं निमुळती शेपटी, आणि काही ठिपक्यांच्या शेपटीजवळ दोन्ही बाजूंना एकेक इवली पिशवी. ती अंड्यांची. म्हणजे ही मादी होती, आणि हा जीव सायक्लॉप्स. लांबी साधारण अर्धा ते दोन मिलिमीटर. टाकीत लावलेल्या पाणवनस्पतींबरोबर तो आला असणार.

तुमच्याकडेही असे ठिपके दिसले तर त्यांची चाल बघा. झटके देत सरकतो तो सायक्लॉप्स. गोलसर आणि उड्या मारत वर चढतो तो पाणपिसू, म्हणजे डॅफ्निया. वालाच्या दाण्यासारखा शिंपल्यात मिटलेला आणि तळाशी गडबडणारा ऑस्ट्रॅकॉड. आणि काचेला चिकटून बारीक हात पसरलेला दिसला तर तो हायड्रा.

आपल्याला हे पाच मिनिटांत कळतं, पण त्यामागं साडेतीनशे वर्षांचं बघणं आहे. १६६९ मध्ये हॉलंडच्या यान स्वामरडॅमनं पाणपिसूचं वर्णन छापलं. १६७४ मध्ये डेल्फ्ट गावच्या आंतोनी व्हान लेव्हनहुकनं जवळच्या बेर्केल्स मेर तळ्याचं पाणी बाटलीत भरून आणलं. उन्हाळ्यात त्या पाण्यावर हिरवे ढग तरंगायचे आणि आसपासचे लोक म्हणायचे, हे दवामुळं होतं. यानं स्वतः घासलेल्या भिंगाखाली थेंब धरला, तर त्यात हिरव्या नागमोडी दोऱ्या आणि वळवळणारे जीव! हा माणूस कोणी पंडित नव्हता, कापडाचा व्यापारी होता. लंडनच्या रॉयल सोसायटीला त्यानं पत्रं लिहिली, तरी लोकांचा विश्वास बसेना. गावातल्या आठ प्रतिष्ठितांची साक्ष त्याला पाठवावी लागली. १६७७ मध्ये रॉबर्ट हूकनं सोसायटीच्या सभेत तसेच जीव दाखवले, तेव्हा शंका मिटली. पुढं अठराव्या शतकात डेन्मार्कच्या ओटो म्युलरनं आपल्या या ठिपक्याला सायक्लॉप्स हे नाव दिलं. ग्रीक कथेतल्या एकडोळ्या राक्षसाचं नाव, कारण याच्याही डोक्यावर एकच डोळा असतो.

त्या इवल्या जिवाला राक्षसाचं नाव कशाला, असं मला वाटलं. पण पुढं त्याच्यावर खरोखरच मोठा आळ आला, आणि ती गोष्ट आपल्या भागातल्या म्हाताऱ्या बायकांना चांगली माहीत आहे.

नारू हे नाव घरात ऐकलं असेल. माझी आजी सांगायची, पायाला फोड यायचा, त्यातून दोऱ्यासारखा जंत बाहेर पडायचा, आणि तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत काढावा लागायचा. तुटला तर पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळायचं. हा जंत जवळजवळ मीटरभर लांब होतो. तो येतो कुठून, हे हजारो वर्षं कोडं होतं. १८७० च्या सुमारास तुर्कस्तानात, म्हणजे मध्य आशियात, रशियन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्सेई फेदचेंको यांना ते उलगडलं. जंताची पिल्लं पाण्यातल्या सायक्लॉप्सच्या पोटात जातात. ते पाणी कोणी न गाळता प्यालं की सायक्लॉप्स पोटात विरघळतो, पिल्लं सुटतात, आणि साधारण वर्षभरानं पायाला फोड येतो. नारू झालेला माणूस बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवतो, आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

१९८३-८४ मध्ये भारतात नारू निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. नारू असलेल्या राज्यांत आपला महाराष्ट्रही होता. मोहिमेत काय केलं? पाणी कापडातून गाळायला सांगितलं. रोग्याला पाण्यात उतरू दिलं नाही. पायऱ्यांच्या विहिरी बदलून पाणी वरून शेंदायची सोय केली, हातपंप बसवले. काही ठिकाणी सायक्लॉप्स मारायचं औषधही पाण्यात टाकलं, ते लपवायचं कारण नाही. देशातला शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यात सापडला, आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

इथं मला आजीचं गाळणं आठवतं. दुहेरी जाड फडकं घागरीच्या तोंडावर बांधायचं, पाणी संथ ओतायचं. मग फडकं उलटं करून त्यावर गाळलेलं पाणी सोडायचं आणि ती जिवाणी त्याच विहिरीत अलगद पोचवायची. घाईत फडकं नुसतं झटकलं तर आजी ओरडायची, "त्यांचं घर पाण्यात आहे, अंगणात नाही!"

आपल्या पूर्वजांना नारूचं शास्त्र माहीत होतं, असं मी म्हणणार नाही. पाणी गाळायचं ते त्रसजिवांच्या रक्षणासाठी. आणि फडक्यातून सगळंच अडतं असंही नाही, जंतू त्याहून कितीतरी बारीक असतात, म्हणून पाणी उकळायलाही हवं. पण सायक्लॉप्स मात्र अडतो. २००३ मध्ये रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या ६५ गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या बायकांनी जुनी सुती साडी चारपदरी करून पाणी गाळलं, आणि पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्यानं कमी झाले. कारण पटकीचे जंतू सायक्लॉप्सच्या जातकुळीतल्या जिवांना चिकटून राहतात. जुन्या साडीची किंमत आपण किती कमी लावतो, नाही का?

मला या इतिहासात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की नारू गेला, पण सायक्लॉप्स गेला नाही. तो आजही आपल्या तळ्यांत, विहिरींत आहे. तो नुसता वाहक होता. फेरा तुटला तो माणसं वागायची बदलली म्हणून.

मग टाकीचं काय केलं? बाटली परत केली. हे ठिपके माशांना त्रास देत नाहीत. ते इतके वाढले, कारण लेक दिवसातून चार वेळा खाणं टाकत होता आणि उरलेलं तळाशी कुजत होतं. चूक आमची, आणि मारायला निघालो होतो त्यांना. आता खाणं एकदाच, चिमूटभर. पाणी बदलताना नळीच्या तोंडाशी फडकं धरतो आणि त्यावर आलेले जीव गच्चीतल्या कमळाच्या कुंडीत सोडतो. तीन आठवड्यांत काच बरीच मोकळी झाली. काही मासे खातात, तो दोष माझ्या माथी आहे, तो मी नाकारत नाही. प्रतिक्रमणात त्याचीही आठवण ठेवते.

काल लेकानं पाणी बदललं आणि फडकं झटकायला बाल्कनीत निघाला. मी काही बोलायच्या आत सासूबाईंचा आवाज आला, "कुंडीत, बाळा. कुंडीत."