हाली, कलदार आणि एका पैशाचा फरक

नेमका हिशेब ठेवायचा तर महागडं सॉफ्टवेअर हवं, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण आपल्याच बाजारपेठांच्या इतिहासात आहे.

जवळा बाजार घ्या. औंढा नागनाथ तालुक्यातलं हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. तिथं रुपया दोन तऱ्हेचा: निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार. सात हालीचे सहा कलदार. म्हणजे एक कलदार आला, की वहीत एक रुपया, दोन आणे, आठ पै हाली जमा. तोंडी करून बघा! आपण फोन काढू. तेव्हा शाळेत पावकी-निमकीचे पाढे घोकून घेत.

साधनं मात्र स्वस्त होती. कीर्दीत व्यवहार तारखेनं लिहायचे, खतावणीत तेच माणसागणिक. आणि संध्याकाळी मेळ: सकाळची शिल्लक, अधिक जमा, वजा खर्च. गल्ल्यात तेवढेच पैसे निघाले पाहिजेत. नाही निघाले, तर चूक आजचीच. महिनाभराच्या कागदांत ती शोधत बसावं लागत नाही.

१ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले आणि नवीन डोकेदुखी सुरू झाली. एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात, पण पाव पैसा द्यायचा कसा? म्हणून आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९, चार आण्यांना २५. एकेका आण्याची चार गिऱ्हाइकं झाली तर गल्ल्यात २४, आणि चार आण्यांचं एकच गिऱ्हाईक आलं तर २५. हाली नाणी तर १९५९ पर्यंत चालूच होती.

पण मेळ बसला म्हणजे हिशेब खरा, असंही नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांवर उठले, ते कर्जरोखे आणि वह्या जाळायला. वहीतली बेरीज चुकीची नसेलही. पण वही एकट्या सावकाराच्या हातात होती. पुढे १८७९ च्या कायद्यानं शेतकऱ्याला पावती, वर्षाचा हिशेब आणि खातेपुस्तक मागायचा हक्क दिला. तो इंग्रजी मुलखातला कायदा, सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता. निजामाच्या हद्दीतल्या कुळाला त्याचा काय उपयोग?

किराणा दुकानाची उधारीची छोटी वही गिऱ्हाइकाच्या घरी असते, ती याच कामाची. खातेवहीच्या अ‍ॅपमधून नोंद होताच गिऱ्हाइकाला जाणारा मेसेजही तोच. मला हा मेसेज अ‍ॅपमधल्या सगळ्या रंगीत आलेखांपेक्षा मोलाचा वाटतो.

मेळ मात्र अजून आपणच घालायचा. यूपीआयचे पैसे बँकेत पडतात, रोख गल्ल्यात. दोन्हींसाठी वहीत दोन रकाने आखले की झालं. शिवाय घरच्या भाजीला गल्ल्यातून उचललेले शंभर रुपये त्याच दिवशी खर्ची टाकायचे. जुन्या दुकानदारांच्या वहीत त्यासाठी घरखर्चाचं खातं वेगळं असे.